ग्रॅनडा: चाव्या दिल्या, त्यानंतरची गोष्ट

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो. स्पेनमधल्या मुसलमानांना ख्रिस्ती राजाने सुखरूप पोहोचवतो म्हणून जहाजांवर चढवलं, भर समुद्रात बुडवलं, आणि तो दिवस होता एक एप्रिल. म्हणून एप्रिल फूल करू नका. पूर्वी हा मजकूर उर्दूत यायचा, मग हिंदीत आला, आता मराठीतही येतो. तुमच्यापैकी अनेकांनी तो पुढेही पाठवला असेल. पाठवणाऱ्याच्या मनात दुःखच असतं, हे मला माहीत आहे.

पण तो मजकूर खरा नाही. ग्रॅनडा शहर २ जानेवारी १४९२ रोजी ताब्यात दिलं गेलं. ते समुद्रकाठी नाही, सिएरा नेवादाच्या बर्फाळ डोंगरांच्या पायथ्याशी आहे. त्या दिवशी जहाजं नव्हती, बुडवाबुडवी नव्हती. होता तो एक सही-शिक्क्याचा करार. मुसलमानांचा धर्म, मशिदी, वक्फ, काझी, घरंदारं, शेतीवाडी सगळं सुरक्षित राहील, असं त्यात लिहिलेलं होतं.

मग खोट्या मेसेजने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. बिघडतं ते असं, की एका दिवसाच्या खोट्या गोष्टीमागे सव्वाशे वर्षांची खरी गोष्ट झाकली जाते. दगा झाला होता, पण तो एका सकाळी जहाजावर झाला नाही. तो हळूहळू, कायद्याने, कचेरीतून, एकेक कलम खोडत झाला. तो समजून घेणं आपल्याला जास्त गरजेचं आहे. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे तारखा थोड्या जास्त येतील. त्या सहन करा.

आधी हे राज्य कसं होतं ते पाहू. इ.स. ७११ मध्ये तारिक बिन झियाद स्पेनमध्ये उतरला, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पुढे कुर्तुब्याची, म्हणजे कोर्दोबाची खिलाफत आली, ती मोडली, लहान लहान राज्यं झाली. १०८५ मध्ये टोलेडो गेलं, १२३६ मध्ये कोर्दोबा, १२४८ मध्ये सेव्हिल. त्याच धामधुमीत मुहम्मद इब्न नस्र नावाच्या सरदाराने ग्रॅनडाचं राज्य उभं केलं. आपल्या वक्तृत्वात जो भाग नेहमी गळतो तो इथे सांगतो. १२४६ मध्ये त्याने कास्तीलच्या राजाचं मांडलिकत्व पत्करलं, खंडणी कबूल केली. आणि १२४७-४८ मध्ये मुस्लिम सेव्हिलला वेढा पडला तेव्हा त्याची फौज ख्रिस्ती राजाच्या बाजूने उभी होती. ग्रॅनडाचं राज्य अडीचशे वर्षं टिकलं ते तलवारीइतकंच तडजोडीवर. 'मुसलमान विरुद्ध ख्रिस्ती' अशी एकच रेघ मारून हा इतिहास वाचता येत नाही.

त्या अडीचशे वर्षांत त्यांनी जे केलं ते लहान नव्हतं. अल्हम्बरा तुम्ही फोटोत पाहिला असेल. त्याचा सर्वांत देखणा भाग चौदाव्या शतकात पहिला युसुफ आणि पाचवा मुहम्मद या दोन सुलतानांच्या काळातला. भिंतीभिंतीवर एकच वाक्य कोरलेलं आहे: अल्लाहखेरीज कुणीही विजेता नाही. खंडणी देणाऱ्या राज्याने हे वाक्य आपल्या भिंतीवर लिहावं, यात श्रद्धा आहे, आणि स्वतःची समजूत घालणंही आहे. इब्न अल-खतीब हा वजीर, इतिहासकार आणि हकीम ग्रॅनडाचाच. प्लेग संसर्गाने पसरतो हे त्याने निरीक्षणावरून ठामपणे लिहिलं. त्याच माणसावर पुढे धर्मभ्रष्टतेचा आरोप झाला आणि १३७४ मध्ये फेसच्या तुरुंगात त्याचा गळा घोटला गेला. हेही त्याच संस्कृतीत घडलं.

कारण अंदलुस म्हणजे स्वर्ग, तिथे सगळे धर्म गुण्यागोविंदाने नांदत होते, हाही एक फॉरवर्डच आहे. याच ग्रॅनडात १०६६ मध्ये ज्यू वजिराला मारून जमावाने ज्यू वस्तीत कत्तल केली होती. अल्मोहादांच्या राजवटीत कोर्दोबातल्या ज्यूंना धर्म बदला किंवा निघा असं सांगितलं गेलं; थोर विचारवंत मैमोनिदीसचं कुटुंब त्यामुळेच तिथून बाहेर पडलं. इब्न रुश्दची पुस्तकं जाळली गेली आणि त्याला हद्दपार केलं गेलं, ते मुस्लिम खलिफाच्या हुकमाने. आपल्यावरचा अन्याय सांगायचा असेल तर आपल्या हातून झालेला अन्यायही त्याच आवाजात सांगावा लागतो. नाहीतर ऐकणाऱ्याने आपल्यावर का विश्वास ठेवावा?

आता प्रश्न असा, की ग्रॅनडा पडलं का? मशिदीच्या ओसरीवर आपल्याला एक ठरावीक उत्तर मिळतं: मुसलमान ऐषारामात बुडाले, गाण्याबजावण्यात रमले, दीन विसरले, म्हणून पडले. आजीआजोबांच्या पिढीने नसीम हिजाझींच्या उर्दू कादंबऱ्या वाचल्या, त्यांतून अंदलुसच्या गद्दारांची चित्रं मनात पक्की बसली. गद्दारी आणि ऐषाराम हे उत्तर सोपं आहे, कारण त्यासाठी आकडे बघावे लागत नाहीत.

आकडे बघू. ग्रॅनडा राज्याची लोकसंख्या अंदाजे तीन लाख. कास्तीलची चाळीस लाखांहून अधिक. १४६९ मध्ये कास्तीलची इझाबेला आणि अरागॉनचा फर्डिनंड यांचं लग्न झालं आणि काही वर्षांत दोन्ही मुकुट एका घरात आले. पूर्वी कास्तीलमध्ये भाऊबंदकी सुरू झाली की ग्रॅनडाला श्वास घ्यायला फुरसत मिळायची; ती आता मिळेना. पोपने या युद्धाला धर्मयुद्धाचा दर्जा दिला आणि त्या नावाखाली पैसा उभा राहिला. आणि तोफा आल्या. कड्यावरचं रोंदा हे नाव ऐकून सैन्य परत फिरायचं. १४८५ मध्ये ते सुमारे दोन आठवड्यांत पडलं. शिवाय दरवर्षी ठरवून ग्रॅनडाभोवतीच्या सुपीक सपाटीवरची उभी पिकं, बागा, गिरण्या नष्ट केल्या जात. उपाशी शहराला फार तोफाही लागत नाहीत.

आणि घरातलं भांडण? ते होतंच. १४८२ मध्ये कास्तीलच्या फौजेने मालागाच्या वाटेवरचं अल्हामा घेतलं. त्याच वर्षी सुलतान अबुल हसनविरुद्ध त्याच्याच मुलाने बंड केलं. हा मुलगा म्हणजे अबू अब्दुल्लाह, स्पॅनिश लोक ज्याला बोअब्दिल म्हणतात. पुढच्या वर्षी तो लुसेनाला लढायला गेला आणि कैद झाला. फर्डिनंडने त्याला मारलं नाही. खंडणी आणि मांडलिकत्व कबूल करून घेतलं, मुलगा ओलीस ठेवून घेतला आणि त्याला परत सोडलं; कारण आत राहून भांडणारा सुलतान त्याला जास्त उपयोगी होता. तिकडे बोअब्दिलचा काका अल-झगल लढत राहिला. १४८७ मध्ये मालागाला वेढा पडला. काकाने मदत पाठवली, तेव्हा त्या तुकडीवर पुतण्याच्याच सैन्याने हल्ला केला. मालागा पडलं आणि तिथले बहुतेक रहिवासी गुलाम झाले.

बाहेरून मदत का आली नाही? आर्जवं इजिप्तच्या मामलुक सुलतानाकडे गेली, उस्मानी सुलतानाकडेही गेली. पण १४८५ ते १४९१ या नेमक्या वर्षांत हे दोघे एकमेकांशीच लढत होते. 'उम्मत' हा शब्द भाषणात जितका सहज येतो तितका तो इतिहासात सापडत नाही, एवढं लक्षात ठेवा.

१४९१ च्या वसंतात शेवटचा वेढा पडला. स्पॅनिश छावणीच्या जागी सांता फे नावाचं पक्कं गावच बांधलं गेलं, म्हणजे आम्ही आता जात नाही हे शहराला दिसावं. २५ नोव्हेंबर १४९१ ला करार झाला, २ जानेवारी १४९२ ला किल्ला ताब्यात दिला गेला. बोअब्दिलला अल्पुहारा या डोंगराळ भागात जहागीर मिळाली. १४९३ मध्ये तो आफ्रिकेत निघून गेला.

तो जाताना खिंडीत मागे वळून रडला आणि आई त्याला म्हणाली की मर्दासारखं राखता आलं नाही त्यावर बाईसारखा रडतोस, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती पुढच्या शतकात गेव्हारा नावाच्या स्पॅनिश बिशपने सांगितली, म्हणजे ती जिंकणाऱ्यांच्या घरातली गोष्ट आहे. आपण ती पाचशे वर्षं आपली म्हणून सांगत आलो. एका हरलेल्या माणसाची टर उडवायला आणि 'बाईसारखा' हा शब्द शिवीसारखा वापरायला. माझ्या वर्गातल्या मुलींनी या गोष्टीवर हरकत घेतली होती. हरकत बरोबर होती.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. करारात काय होतं? धर्म बदलायला कुणावर जबरदस्ती होणार नाही. मशिदी आणि त्यांचे वक्फ मुसलमानांकडेच राहतील. त्यांचे तंटे त्यांचे काझी सोडवतील. ज्यूंसारखी वेगळी ओळखखूण कपड्यांवर लावावी लागणार नाही. ज्याला आफ्रिकेत जायचं असेल त्याला जाऊ दिलं जाईल. आणि एक फार बारीक कलम होतं: जे ख्रिस्ती स्त्री-पुरुष पूर्वी मुसलमान झाले आहेत, त्यांना त्रास दिला जाणार नाही, परत फिरायला भाग पाडलं जाणार नाही.

पहिली काही वर्षं करार बऱ्यापैकी पाळला गेला. ग्रॅनडाचा पहिला आर्चबिशप तालावेरा याने जबरदस्ती केली नाही. त्याला मुसलमान ख्रिस्ती व्हायला हवेच होते, पण समजावून. त्यासाठी त्याने आपल्या पाद्र्यांना अरबी शिकायला लावलं. पण त्याच १४९२ च्या ३१ मार्चला अल्हम्बरामधूनच एक फर्मान निघालं: स्पेनच्या ज्यूंनी धर्म बदलावा किंवा देश सोडावा. शेजारच्या घराला लागलेली ही आग ग्रॅनडाच्या मुसलमानांनी पाहिली असणार. आपल्याकडे करार आहे, या भरवशावर किती जण निश्चिंत राहिले असतील?

१४९९ मध्ये टोलेडोचा आर्चबिशप सिस्नेरोस ग्रॅनडात आला. त्याला तालावेराची चाल फार मंद वाटली. त्याने कराराला हात कुठे घातला ते नीट पाहा. आधी मशिदींना नाही, काझींना नाही. त्याने ते बारीक कलम उचललं: पूर्वी ख्रिस्ती असलेले आणि त्यांची मुलं. यांच्यावर चर्चचा हक्क आहे, असं तो म्हणाला. समाजाच्या कडेला असलेली माणसं, ज्यांच्यासाठी कुणी फार ओरडणार नाही, तिथून सुरुवात झाली. डिसेंबरमध्ये अशाच एका मुलीला पकडायला शिपाई अल्बाईसिन मोहल्ल्यात गेले; लोक चवताळले, एक अधिकारी मारला गेला, मोहल्ला पेटला.

त्या वेळी म्हातारा तालावेरा निःशस्त्र त्या जमावात गेला आणि लोकांनी त्याला हात लावला नाही. शहराचा कारभारी काउंट तेंदिया याने तर आपली बायको आणि मुलं अल्बाईसिनमधल्या घरात ओलीस म्हणून ठेवली, शब्द पाळला जाईल याची खूण म्हणून. हे दोघेही ख्रिस्ती होते, विजेत्यांच्या बाजूचे होते. त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात, हे बरं नाही. तालावेराला पुढे काय मिळालं? तो स्वतः ज्यू वंशाचा असल्याचं निमित्त करून इन्क्विझिशनने त्याच्या घरच्यांना आणि त्याला छळलं. १५०७ मध्ये तो वारला.

सिस्नेरोसने मात्र राजाला पटवलं की मुसलमानांनी बंड केलं, म्हणजे करार त्यांनीच मोडला. काहींनी दंगल केली आणि हमी सगळ्यांची गेली. धर्मांतरं करवली गेली, चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली. वैद्यकाची काही पुस्तकं तेवढी वाचवली. १५०२ मध्ये संपूर्ण कास्तीलला फर्मान लागू झालं: ख्रिस्ती व्हा किंवा निघा. दहा वर्षं, फक्त दहा वर्षं तो कागद टिकला.

जे राहिले त्यांना मोरिस्को म्हणू लागले. ते कागदोपत्री ख्रिस्ती झाले, तरी संशय सुटला नाही. १५६७ मध्ये दुसऱ्या फिलिपने अरबी बोलणं, लिहिणं, अरबी नावं, पेहराव आणि हमामसुद्धा बंद केले. तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येझ मुले नावाच्या वयोवृद्ध मोरिस्को गृहस्थाने एक अर्ज लिहिला. त्यातला युक्तिवाद आजही ताजा आहे. त्याचं म्हणणं असं, की पेहराव आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे. पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबी बोलतात, म्हणून ते ख्रिस्ती नाहीत का? अर्जाचा उपयोग झाला नाही. १५६८ मध्ये अल्पुहारात बंड पेटलं. त्यात बंडखोरांनी गावोगावचे पाद्री आणि साधे ख्रिस्ती गावकरी मारले, सरकारी फौजेने गावंच्या गावं कापली आणि विकली. मग ऐंशी हजारांच्या आसपास माणसं ग्रॅनडाबाहेर पांगवली गेली. शेवटी १६०९ ते १६१४ या वर्षांत सुमारे तीन लाख मोरिस्कोंना स्पेनमधून हाकललं.

आता मला सगळ्यांत जवळची वाटणारी गोष्ट सांगतो. अरागॉन आणि कास्तीलमधले मुसलमान अरबी कधीच विसरून गेले होते. ते शेजाऱ्यांचीच भाषा बोलत. मग त्यांनी आपला दीन त्याच भाषेत लिहायला सुरुवात केली. १४६२ मध्ये, म्हणजे ग्रॅनडा पडण्याच्या तीस वर्षं आधी, सेगोव्हियाचा मुफ्ती ईसा इब्न जाबिर याने इस्लामच्या नियमांचं पुस्तक चक्क कास्तीलच्या लोकभाषेत लिहिलं, कारण त्याच्या लोकांना अरबी कळत नव्हती. बंदीनंतर लोक स्पॅनिश भाषा अरबी लिपीत लिहून लपवत. याला अल्हामियादो म्हणतात; आपल्या 'अजमी' शब्दाचंच ते रूप. १८८४ मध्ये अल्मोनासिद नावाच्या गावात एक जुनं घर पाडताना खोट्या तक्तपोशीआड लपवलेली अशी हस्तलिखितं सापडली. हाकललेले मोरिस्को ट्युनिसला पोहोचले, तेव्हा तिथेही त्यांच्यातले काही जण धर्माची पुस्तकं स्पॅनिशमध्येच लिहीत होते. 'तुम्ही इथले नाही' म्हणून ज्यांना बाहेर काढलं, त्यांची मायबोली तिथलीच होती.

'तुम्ही मुसलमान आणि मराठी इतकी छान कशी बोलता?' हा प्रश्न ज्यांनी रेल्वेत, ऑफिसात, कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकला आहे, त्यांना या हस्तलिखितांचा अर्थ फार समजावून सांगावा लागणार नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला तेव्हा त्यांना कुणाचं प्रमाणपत्र लागलं नाही. आपल्यालाही लागू नये.

आणि हा इतिहास आपल्यापासून तितका दूर नाही. १४९८ मध्ये वास्को द गामाचा माणूस कालिकतला उतरला तेव्हा त्याच्याशी कास्तीलच्या भाषेत बोलणारे ट्युनिसचे दोन मुसलमान तिथे भेटले होते. पोर्तुगीजांनी आयबेरियातला 'मूर' हा शब्द सोबत आणला आणि इथल्या मुसलमानाला चिकटवला. १५१० मध्ये अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतलं आणि शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली. १५६० मध्ये इन्क्विझिशनही गोव्यात आलं. त्याचा जाच तिथल्या हिंदूंना आणि नवख्रिस्तींनाही झाला.

यातून मी तीन गोष्टी घेतो. तुम्ही वेगळ्या घेऊ शकता.

एक. ग्रॅनडाचा करार ही राजाने शरण आलेल्या शहराला दिलेली हमी होती. ती मोडली तर दाद कुठे मागायची? ज्याने मोडली त्याच्याकडेच. आपल्याकडे आहे ते संविधान. ते कुणा विजेत्याने केलेली मेहेरबानी नाही, ते आपण सगळ्यांनी मिळून स्वतःला दिलेलं आहे. कलम २५ मधलं सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीचं आहे. जमावातल्या काहींनी काही केलं म्हणून ते सगळ्यांचं जात नाही, जाता कामा नये. म्हणून 'आम्हाला अभय द्या' ही आपली भाषा असू नये. नागरिकाची भाषा हक्काची असते, आणि कर्तव्याचीही.

दोन. हमी मोडायला सुरुवात नेहमी कडेच्या माणसापासून होते. तिथे धर्म बदललेल्या बायका होत्या, त्यांची मुलं होती. इथे ती कोण असतील याचा विचार करा. आणि प्रामाणिकपणे स्वतःलाही विचारा: आपल्याच घरात कुणी वेगळा विचार करू लागला, धर्माबाहेर लग्न केलं, नमाज सोडली, प्रश्न विचारले, तर त्याचं सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आपण मानतो का? सिस्नेरोस एकाच धर्मात जन्मतो असं नाही.

तीन. हरलेल्यांच्या मुलांनी रडगाणं गायचं की अभ्यास करायचा, हे त्यांनीच ठरवायचं असतं. आज ग्रॅनडात दर २ जानेवारीला विजयाचा सोहळा होतो, आणि दर वर्षी त्याच शहरातले स्पॅनिश नागरिक त्याला विरोधही करतात. २००३ मध्ये अल्बाईसिनमध्ये, अल्हम्बराच्या समोर, नवी मशीद उघडली. २०१५ मध्ये स्पेनने हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देण्याचा कायदा केला. मोरिस्कोंच्या वंशजांना मात्र तो लागू नाही. म्हणजे तो वाद अजून संपलेला नाही, आणि तो तिथले लोक कायद्याने, लेखणीने लढत आहेत.

चर्चेच्या सत्रात तुम्ही मला अडवा, तारखा तपासा, माझ्या म्हणण्यावर हरकत घ्या. ईसा इब्न जाबिरने सेगोव्हियात आपल्या लोकांच्या भाषेत पुस्तक लिहिलं, कारण लोकांना समजून घ्यायचं होतं. तुमच्यापैकी कुणी अंदलुसचा खरा इतिहास मराठीत लिहायला घेणार असेल, तर पुस्तकं मिळवून द्यायची जबाबदारी माझी.